तीनआंब्याच्या टिकल्या

आमच्या भागात माणूस रस्त्यावर बेशुद्ध पडला तरी त्याला आधी गाव विचारतात, नाव मागाहून. "खयचो रे तू?" असं विचारणाऱ्याला तू सध्या कुठे राहतोस याच्याशी काही देणंघेणं नसतं. तुझं कुळ कुठलं, देव कुठला, आणि मेलास तर न्यायचा कुठे, एवढं त्याला हवं असतं. चाळीस वर्षं वास्कोत राहिलेला माणूससुद्धा छातीवर हात ठेवून सांगतो, माझा गाव धारगळ. धारगळात त्याचं छप्परही उरलेलं नसतं.

मी बाबली. पेडण्यात एकतीस वर्षं सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स चालवली. माझी पहिली गाडी इतकी म्हातारी होती की मोप्याच्या चढावर पेशंट खाली उतरून ढकलायचा आणि माथ्यावर पोचलो की पुन्हा स्ट्रेचरवर आडवा व्हायचा. दोघे तर त्या ढकलण्यानेच बरे झाले. एकाने उतारावर मला सांगितलं, "बाबली, आता हॉस्पिटल नको, थेट घराकच सोड." विश्वास बसत नसेल तर बसू नये, त्या चढावर आज विमानं उतरतात, पुरावा कुठून आणू?

ही गोष्ट नोकरीच्या शेवटच्या वर्षाची आहे. गोवा राज्य होऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. डिचोलीकडच्या खाणी दिवसरात्र चालत होत्या, खनिजाचे ट्रक एकाच्या शेपटीला एक लागलेले असत, आणि लाल धूळ उडून कपाटातल्या पांढऱ्या सदऱ्यावरसुद्धा बसायची. तेव्हा आमच्याकडे डॉक्टर प्रतीक्षा आल्या. पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांचं काम त्यांच्या गळ्यात. वय पस्तिशीचं, पण डोळ्यांखाली पन्नाशीची वर्तुळं.

त्यांनी आल्या आल्या एक काम काढलं. नशेचं जास्त घेऊन जो कोणी पडेल, मग तो मरो वा जगो, त्याची एक ओळ लिहायची. आरोग्य केंद्रं लिहिणार, पोलीस लिहिणार, आम्ही अ‍ॅम्ब्युलन्सवाले लिहिणार, आणि दर सोमवारी सगळ्यांच्या ओळी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरात एकत्र व्हायच्या. तीच एक यादी मग सगळ्यांकडे परत जायची. तारीख, नाव, वय, ठिकाण, काय घेतलं, वाचला की गेला. आधी कसं व्हायचं, पोलिसाला माहीत ते डॉक्टरला नाही, डॉक्टरला माहीत ते मला नाही, आणि मला माहीत ते मी कोणाला विचारल्याशिवाय सांगत नसे.

डॉक्टरांनी भिंतीवर दोन तालुक्यांचा मोठा नकाशा लावला आणि म्हापशाच्या बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. कपाळावर लावायच्या टिकल्या. वाचला त्याची हिरवी, गेला त्याची लाल.

"बाबलीकाका, सहा महिन्यांत हा नकाशा आपल्याला सांगेल कुठे जायचं ते."

"बाई, मला गेली तीस वर्षं लोक सांगतायत कुठे जायचं ते," मी म्हटलं. "बहुतेक जण नरकाचा रस्ता सांगतात."

त्या हसल्या नाहीत. हसायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

नकाशा बोलू लागला, पण एकच नाव घेत राहिला. हरमल. किनाऱ्यावर टिकल्यांचा नुसता पुंजका. जर्मन, इटालियन, रशियन, इस्रायली. एका इटालियनला मी माडाच्या शेंड्यावरून उतरवला होता. तो म्हणे तिथे तीन दिवस ध्यान करत होता आणि कावळे त्याला भरवत होते. कावळ्यांचं मी डोळ्यांनी नाही पाहिलं, पण तो जाडा झालेला होता हे खरं. बाकीच्या टिकल्या इकडे एक, तिकडे एक, घमेल्यातून सांडलेल्या शेंगदाण्यांसारख्या. त्यांच्याकडे कोण बघणार? वर्तमानपत्रवालेही हरमलचेच फोटो मागायचे.

मग पणजीहून वीस इंजेक्शनांची एक पेटी मंजूर झाली. श्वास बंद पडत चाललेल्या माणसाला वेळेत टोचलं तर तो परत येतो, असं ते औषध. वीस म्हणजे दोन तालुक्यांना मीठ लावण्यापुरतं. त्यामुळे पेटी, एक नर्स आणि एक गाडी, हे सगळं एकाच जागी उभं करायचं ठरलं. जागा कुठली ते शुक्रवारच्या बैठकीत नक्की होणार होतं. म्हणजे हरमल. त्यात नक्की करण्यासारखं तरी काय होतं?

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी बहीण आरोंद्याला दिली होती. खाडीच्या पलीकडे, महाराष्ट्रात. ती आणि तिचा नवरा एकाच वर्षात गेले, तेव्हा तिचा मुलगा संतोष नऊ वर्षांचा होता. तो माझ्याकडे वाढला. मोठा होऊन डिचोलीत खाणीचा ट्रक चालवू लागला, तिकडेच खोली घेऊन राहिला. शीतल नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिचा बाप खाणीवर मुकादम, माणूस ताठ, इस्त्रीचा.

त्या मे महिन्यात डिचोलीचा अ‍ॅम्ब्युलन्सवाला गोकुळदास रजेवर होता, म्हणून त्याचे फोन मला येत होते. भर दुपारी एक आला. खाणीच्या रस्त्यावर तीनआंबे म्हणून ट्रक थांबायची जागा आहे, तिथे एक ड्रायव्हर पडला. मी पोचलो तेव्हा यशोदाबाई, तिथली चहावाली, त्या माणसाच्या तोंडात लिंबू पिळत होती. माणूस निळा पडला होता. तोंडावरची लाल धूळ पुसली तेव्हा मला दिसलं, तो संतोष होता.

वाचला. कसा ते देवाला आणि माझ्या अ‍ॅक्सिलरेटरला माहीत. संध्याकाळी खाटेवर बसून म्हणाला, "मामा, कोणाक सांगू नको."

"घेतलंस काय?"

"कॅप्सुली. पाठदुखीच्यो. सगळेच घेतंत. एक घेतली की पाठ आसा ह्या कळनाच नाय, आणि दोन ट्रिपा जास्त होतंत."

"एक घेतलंस?"

"चार."

"चार पाठी आसत काय रे तुका?"

तो हसला, मग रडला. "शीतलच्या बापाशीक कळला तर लग्न मोडतला. मालक ट्रक काढून घेतलो. मामा, तुझी शपथ. आजपासून बंद."

मी कोणाला सांगितलं नाही. पण ओळ लिहावीच लागली, सरकारी काम. नाव संतोष, वय सव्वीस. ठिकाण या रकान्यात मी लिहिलं, आरोंदा. लपवायला नव्हे हो. हात आपोआप तसाच चालला. अ‍ॅम्ब्युलन्सवाला गाव लिहितो कारण पेशंट वाटेत गेला तर मढं कुठे पोचवायचं ते त्याला ठाऊक पाहिजे. एकतीस वर्षं मी हेच लिहीत आलो होतो. सोमवारी डॉक्टरांनी आरोंद्यावर एक हिरवी टिकली लावली. नकाशाच्या अगदी काठावर, एकटी. मला बरं वाटलं, पोरगं गर्दीतून सुटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, बैठकीच्या दोन दिवस आधी, गोकुळदास माझ्याकडे आला. पायरीवर बसला तो उठेचना. हा माणूस एरवी बसमध्ये उभा राहिला तरी दोन माणसांची जागा अडवायचा, इतका घट्ट. त्या दिवशी रिकाम्या पोत्यासारखा बसला होता.

"आज आणखी एक गेलो," तो म्हणाला. "गाडीतच. हॉस्पिटलाच्या वाटेवरल्या पुलापर्यंत पण पोचलंय नाय."

"खयचो?"

"खानापूरचो. बेळगावकडचो. सागर नाव. चोवीस वर्षांचो." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाबली, माका कंटाळो इलो. माझी गाडी अ‍ॅम्ब्युलन्स नाय, ती मढ्यांची गाडी झाली."

आम्ही दोघे ओळ द्यायला डॉक्टरांच्या खोलीत गेलो. त्यांनी लाल टिकली काढली, नकाशासमोर उभ्या राहिल्या, आणि खानापूर शोधू लागल्या. नकाशा तिथपर्यंत जातच नव्हता. मग त्यांनी ती टिकली जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, चौकटीवर लावली. तेव्हा मी नीट बघितलं. चौकटीवर आधीच चार टिकल्या होत्या. वर भिंतीच्या चुन्यावर दोन, त्या सावंतवाडीच्या. कदेलाच्या, म्हणजे खुर्चीच्या, पाठीवर एक.

"ही कदेलावरची कोण?" मी विचारलं.

"कोल्हापूर जिल्हा," डॉक्टर म्हणाल्या. "कागद पुरत नाही हो काका. बाहेरची माणसं."

"खय पडलो हो कोल्हापूरचो?" मी गोकुळदासला विचारलं.

"तीनआंब्याक."

"आणि सावंतवाडीचे?"

"एक तीनआंब्याक. दुसरो त्याच रस्त्यार, वजनकाट्याकडे."

"मग तू लिवलंस सावंतवाडी?"

गोकुळदास माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याला शाळेत पाठवतो म्हणालो. "गाव सावंतवाडी तर काय लिवू? मुंबई?"

डॉक्टरांनी टिकल्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, म्हणजे ठिकाणात तुम्ही सगळे माणसाचा गाव लिहिता?"

"तर काय लिहिणार?"

"आणि हरमलला?"

"त्या गोऱ्यांचा कसला गाव बाई? ते जिथे पडले तेच लिहितो."

हरमलचा पुंजका का दिसतो ते तिघांनाही एकदमच कळलं. गोऱ्यांना गाव नाही म्हणून ते एका जागी दिसत होते. आपल्या माणसांना गाव होता म्हणून ते चार जिल्ह्यांत पांगले होते.

डॉक्टर खाली बसल्या. "नऊ महिने," एवढंच म्हणाल्या. मग डोळे चोळून म्हणाल्या, "बैठक परवा आहे. एकेकाचं परत विचारायला पाहिजे. पडला कुठे? ही आरोंद्याची हिरवी, काका, ही तुमचीच ओळ आहे. हा कुठे पडला?"

आयुष्यभर मी न घडलेल्या हजार गोष्टी न अडखळता सांगितल्या. ही एक घडलेली, आणि मी उलट प्रश्नच विचारला.

"बाई, ही यादी पोलिसांकडे जाते ना?"

"जाते. सगळ्यांकडे जाते."

"नावासकट?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. गोकुळदासने टोपी घातली आणि म्हणाला, "मी चाय बघतंय," आणि बाहेर गेला. शहाणा माणूस.

मी सांगितलं. सगळं. लग्नाचंसुद्धा. शेवटी म्हटलं, "नाव काढा. एकट्याचं नको, सगळ्यांचं. नाहीतर पुढे कोण खरं सांगेल? आपल्या पोराचं नाव पोलिसांच्या कागदावर जाणार म्हटल्यावर माझ्यासारखा माणूसही आरोंद्याला जाऊन लपतो."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. कॉम्प्युटरपुढे बसल्या, आणि एका बोटाच्या दाबाने त्रेचाळीस नावं गेली. रकानाच गेला. "नाव ज्याच्या त्याच्या केसपेपरवर राहील. बाहेर जाणाऱ्या यादीत यापुढे नाही. मला स्वतःलाही नाही."

"बरं झालं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीनआंब्याला गेलो, मी, डॉक्टर आणि गोकुळदास. पंधरा-वीस ड्रायव्हर बाकांवर बसून उंडे पाव चहात बुडवत होते. आणि इथे मी ती चूक केली, जी एकतीस वर्षं लोकांसमोर मोठ्याने बोलायची सवय असलेला माणूसच करू शकतो. भर दुकानात विचारलं, "यशोदाबाय, आठवून सांग बघू, हय कोण कोण पडले?"

यशोदाबाईला कोणी इतकं मानाने कधी विचारलं नसावं. पदर खोचून ती एकेक बोट दुमडत सुरू झाली. "पयलो तो बेळगावचो, दिवाळीक. मगे तो मिशाळो. मगे दोघे एकाच दिसा, माका सांडशी टाकून धावूचा लागला. मगे..." बोटं संपली तेव्हा तिने दुसऱ्याच्या हाताची घेतली. "आणि मे म्हयन्यात तुमचो भाचो, संतोष. तेका मीच लिंबू पिळलेला, नाय काय?"

बाकावरचा एक माणूस चहा अर्धा टाकून उठला. शीतलच्या बापाच्या, त्या मुकादमाच्या, हाताखालचा होता, ते मला मागाहून कळलं.

तिच्या हिशेबाने एकोणीस जण निघाले. गोकुळदासच्या आणि माझ्या ओळींशी ताडून पाहिलं, एकोणीसच. डॉक्टरांनी परत येऊन चौकटीवरच्या, चुन्यावरच्या, कदेलावरच्या आणि नकाशाभर सांडलेल्या टिकल्या नखाने एकेक उचकटल्या आणि तीनआंब्यावर लावल्या. जागा पुरेना, एकावर एक बसल्या. हरमलला बारा होते, तेही काही थोडे नव्हेत. पण तिथे हॉस्पिटल जवळ होतं, आणि तीनआंब्याहून पूल येईपर्यंतच माणूस संपत होता.

शुक्रवारी पेटी तीनआंब्याला मिळाली. दीपा नर्स आणि गोकुळदासची गाडी दिवसभर यशोदाबाईच्या दुकानामागे उभी राहू लागली. सहाव्या दिवशी पहिलं इंजेक्शन टोचलं. निळा पडलेला माणूस डोळे उघडून उठून बसला आणि त्याने गोकुळदासला आईवरून शिवी दिली. औषध नशा अशी अचानक उतरवतं की माणसाला जग नकोसं होतं, असं दीपा म्हणाली. गोकुळदास तरी ती शिवी आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होता, पदक मिळाल्यासारखा.

त्याच आठवड्यात संतोष माझ्या दारात आला. आत आला नाही.

"लग्न मोडला," तो म्हणाला. "ट्रकाची चावी पण घेतली."

"मी कॉम्प्युटरातून नाव काढलंय रे तुझा."

"यशोदाकाकीच्या तोंडातून काढ आता."

मी दार पुरतं उघडलं. "आत ये. पेज पी."

"मामा, तू जगातल्या सगळ्या गजालींक शेपटी लावतंस. माझ्याच गजालीक लावूक होयी होती. एवढीशी. खोटी." आणि गेला.

वास्कोला गेला, असं कळलं, बंदरावर माल चढवायच्या कामाला. माझा फोन उचलत नसे. चतुर्थीला आला नाही. मी निवृत्त झालो, तरी दर सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसायचो. आता इतर तालुकेही त्या यादीत आले होते, आणि रकान्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'कुठे पडला'. तीनआंब्याला आठ महिन्यांत सात हिरव्या आणि एक लाल लागली. डॉक्टर म्हणायच्या, "काका, हे तुमच्यामुळे." मी मान हलवायचो. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं तशीच होती. यादी लांबत होती.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी वास्कोची ओळ आली. पुरुष, सत्तावीस, बंदराजवळची खोली, कॅप्सूल, वाचला.

"नाव काय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, त्यात नावाचा रकानाच नव्हता.

"विचारून बघा ना तिकडे. एक फोन."

"काका, मी विचारलं तर उद्या दुसरा कोणी विचारील. ते सांगणार नाहीत. सांगूही नये." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमचीच अट होती."

होती. मी घातलेली सगळ्यांत चांगली अट होती ती. मंगळवारी सकाळी मी पेडण्याहून बस धरली, म्हापशाला बदलली, पणजीला बदलली, आणि जेवणाच्या सुट्टीच्या वेळी बंदराच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. माणसं लोंढ्याने बाहेर आली. संतोष शेवटी आला, हातात डबा. वाळला होता. मला पाहून जागीच थांबला.

"कोण गेला?" त्याने विचारलं. मी कुठेही गेलो की लोक हेच विचारतात.

"कोण नाय. असोच इलंय."

"असोच? तीन बसी बदलून?"

मी त्याला त्या ओळीचं सांगितलं. तो कठड्यावर बसला, डबा उघडला, बराच वेळ भात कालवत राहिला.

"तो मी नव्हय," तो म्हणाला.

"मग कोण?"

"बाजूच्या खोलीतलो."

"नाव काय तेचा?"

त्याने घास तोंडाशी नेला आणि थांबला. "नाव कशाक होया तुका? तूच काढलंस ना नावां."

उत्तर यायला जरा उशीर झाला, ते मला कळलं. खोट्याच्या धंद्यात माझं आयुष्य गेलंय. कुठे थांबलं की गोष्ट जुळवली जाते ते मला कोणी शिकवायला नको. पण माडाच्या शेंड्यावरचा इटालियन लोकांनी माझ्याकडून निमूट ऐकून घेतला होता. मीही हे ऐकून घेतलं.

"बरा," म्हटलं. "जेव तू."

तो खाली मान घालून जेवत होता आणि मी शेजारी बसून घड्याळाकडे बघत त्याचे श्वास मोजत होतो. मिनिटाला सोळा, धडधाकट माणसाइतके. परत मोजले. सोळाच. भोंगा वाजला, तो डबा बंद करून उठला, आणि जाता जाता म्हणाला, "चारची बस चुकवू नको. मगे उभ्यान जावचा लागतला."